घर आधीं कीं शेजार आधीं?

घर घ्यावयाचें ठरलें म्हणजे मनुष्य किती चौकशा करतो! सात-बारा कोणाच्या नांवें आहे, जागा अकृषिक झाली आहे किंवा नाहीं, बोअरला पाणी किती फुटांवर लागलें, दार पूर्वेस कीं दक्षिणेस, बँक कर्ज किती देईल, या सर्वांचा तो काथ्याकूट करतो. स्वयंपाकघराची दिशा बरोबर आहे ना, हें पाहावयास जाणत्यास बोलावतो. परंतु ज्या माणसांच्या भिंतीस भिंत लावून पुढील वीस-तीस वर्षें काढावयाचीं, त्यांच्याविषयीं तो काडीचीही विचारपूस करीत नाहीं. केलीच, तर "मंडळी आपलींच आहेत ना?" एवढाच प्रश्न असतो, आणि या 'आपलीं' शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांस उलगडून सांगावयास नको.

आम्हां उभयतांवर हा प्रसंग गेल्या वर्षीं आला. मुंबईच्या एका उपनगरांत नोकरीचीं तीस-बत्तीस वर्षें काढल्यावर उरलेला काळ आपल्या मराठवाड्यांत, हिमायतनगरास घालवावा असें मनानें घेतलें. चिरंजीव बंगळूरास, कन्या परदेशीं. तेव्हां कोठें राहावें हें आमचें आम्हींच ठरवावयाचें होतें. मुंबईचें घर वाईट नव्हतें. पाणी, लिफ्ट, दारावर पहारेकरी, सर्व कांहीं होतें. पण समोरच्या दारांतील वृद्ध गृहस्थ वारल्याचें वर्तमान आम्हांस तिसऱ्या दिवशीं लिफ्टमध्यें चिकटविलेल्या कागदावरून कळलें. मध्यें अंतर चार पावलांचें! त्यांचें पूर्ण नांवही आम्हीं त्या कागदावरच प्रथम वाचलें. त्या दिवसापासून आमच्या घरांत रात्रीं जेवतांना एकच विषय निघूं लागला. आपल्यापैकीं एक जण मागें राहील, तेव्हां सकाळीं त्याचें दार उघडलें नाहीं हें कोणाच्या ध्यानांत येईल?

हिमायतनगर हें नांव निजामी अमदानींतलें. गांवाचें जुनें नांव वाढोणा, आणि देवळाची गोष्ट निघाली कीं 'वाढोण्याचा परमेश्वर' असेंच लोक अद्यापि म्हणतात. महाशिवरात्रीची तेथील यात्रा पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. मुदखेडहून आदिलाबादेस जाणाऱ्या लोहमार्गावरील हें स्टेशन. पुढें किनवटचें रान लागतें, पैनगंगेपलीकडे विदर्भ आहे आणि तेलंगणाची सीमाही फार दूर नाहीं. पूर्वीं हदगांव तालुक्यांत मोडणारें हें गांव आतां स्वतःच तालुक्याचें ठाणें आहे. कचेऱ्या आल्या, त्यांच्या मागोमाग गांवाभोंवतीं प्लॉटिंगही आलें.

शोध करतां करतां दोन घरें मनांत भरलीं. पहिलें अशाच एका नव्या प्लॉटिंगमधलें. समोर रुंद रस्ता, चारी बाजूंस पुरुषभर उंचीची भिंत, लोखंडी फाटक, आंत मोटार ठेवण्याची जागा, गच्चीवर सोलर. दुसरें जुन्या वस्तींतल्या गल्लींत. दोन खणांची ओसरी, मागें न्हाणी, वर पत्रे, आणि रस्त्याला लागून गुडघाभर उंचीचा दगडी ओटा. शहाण्या माणसानें पहिलेंच घ्यावें याविषयीं आमच्या आप्तेष्टांत दुमत नव्हतें.

आम्हीं एक युक्ति केली. दोन्ही ठिकाणीं, मालक किंवा दलाल बरोबर न घेतां, दिवेलागणीच्या सुमारास अर्धा-अर्धा तास नुसते उभे राहिलों. प्लॉटिंगमध्यें त्या अर्ध्या तासांत तीन मोटारसायकली व एक मोटार आली. प्रत्येक वेळीं हॉर्न वाजला, फाटक उघडलें, वाहन आंत गेलें, फाटक लागलें. एका गच्चीवरून कोणी आमच्याकडे पाहिलें व पुन्हां आंत गेलें. तेथील लोक वाईट होते असें मुळींच नाहीं. पुढें ओळख झाली तेव्हां त्यांतलीं दोन कुटुंबें फारच सालस निघालीं. परंतु त्यांची एकमेकांशीं गांठ पडावी अशी जागाच तेथें कोणीं ठेविली नव्हती.

गल्लींत उभे राहून पांच मिनिटें झालीं नसतील, तोंच पलीकडच्या ओट्यावर लसूण सोलीत बसलेल्या एका आजींनीं विचारलें, "कोणाकडं आलात, बाई?" कोणाकडेच नाहीं, हें घर पाहावयास आलों आहों, असें सांगतांच आजींची विडी पेटल्यासारखी झाली. (आजी विडी ओढीत नाहींत, हें त्यांच्या सुनेच्या माहितीसाठीं येथें नमूद करितों.) दोन वर्षें घर बंद आहे, नळ एक दिवसाआड येतो, मागची भिंत पावसाळ्यांत पाझरते, मालकाचा थोरला मुलगा समंजस आहे पण धाकट्याशीं व्यवहार जपून करावा, ही सर्व माहिती आम्हांस लसणाचे चार गड्डे सोलून होण्याच्या आंत मिळाली. "आंतून पाहायचंय का?" असें म्हणून त्यांनीं समोर हांक मारली, "ओ चाची, किल्ली द्या बरं जरा!" मालक नांदेडास राहतात, घराची किल्ली दोन वर्षें समोरच्या मुसलमान कुटुंबांत खिळ्याला टांगलेली होती.

शेजार चांगला असणें म्हणजे शेजारचीं माणसें प्रेमळ असणें, अशी सामान्य समजूत आहे. आम्हांस ती पुरी पटत नाहीं. प्रेमळ माणसें सर्वत्र सारख्याच प्रमाणांत असावींत. मुंबईच्या त्या लिफ्टमध्येंही तीं चढत-उतरत होतींच. शेजार जमतो तो बहुधा क्षुल्लक गरजांमुळें. संध्याकाळीं विरजण संपलेलें असतें, माळ्यावर चढावयास शिडी हवी असते, गॅस ऐन फोडणीच्या वेळीं जातो, लहान मुलास तासभर कोणापाशीं तरी ठेवावयाचें असतें. आणलेली वाटी रिकामी परत करूं नये, असा आपल्या घरांत दंडक असे. तिच्यांत चार भजीं नाहीं तर लिंबाचें लोणचें जाई. मग ती वाटी पुन्हां कांहीं तरी घेऊन येई. या देण्याघेण्याचा हिशेब कधींच पुरा होत नसे, आणि तो पुरा होत नसे म्हणूनच जाणें-येणें चाले. मुंबईस हल्लीं दहा मिनिटांत दहीं दारांत येतें. फोनवर नुसतें बोट ठेवावें. सोय उत्तम, तक्रारीस जागा नाहीं. मात्र त्या दह्याची वाटी परत करावयास कोठें जावें लागत नाहीं.

जागेचेंही तसेंच आहे. गिरगांवांतील केशवजी नाईक चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. लोकमान्यांची प्रेरणा हें त्याचें मोठें कारण खरेंच, परंतु ज्या वास्तूंत प्रत्येक बिऱ्हाडाचें दार एकाच लांब गॅलरींत उघडतें, तेथें चार माणसांस एकत्र आणण्याचें निम्मे काम सुतारानें आधींच करून ठेविलेलें असतें, हें विसरूं नये. गॅलरीचें कौतुक करतांना सकाळीं संडासापुढें लागणारी रांग आणि दहा बाय बाराच्या खोलींत वाढणारीं सात माणसें यांकडे डोळेझांक करण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्यें नव्या उंच इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वींच्या १६० चौरस फुटांच्या खोलींतून तीं ५०० चौरस फुटांच्या घरांत गेलीं, स्वतःचें न्हाणीघर मिळालें. याचा ज्यास आनंद होणार नाहीं तो चाळींत कधीं राहिलेला नसावा. पण गॅलरी मात्र त्यांच्याबरोबर वर गेली नाहीं.

आपणां मध्यमवर्गीयांनीं या प्रश्नाचें एक उत्तर शतकापूर्वींच काढलें होतें. मुंबईस गांवदेवीला सारस्वत मंडळींनीं १९१५ सालीं सहकारी गृहसंस्था स्थापिली; श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्या चळवळीचे धुरीण. घरें सर्वांच्या मालकीचीं, शेजारी ज्ञातिबांधव, भाषा एक, सण एक, स्वयंपाकाची चवही एक. पुढें हाच कित्ता पुण्या-मुंबईंत पुष्कळांनीं गिरविला. या संस्थांनीं परगांवीं आलेल्या कुटुंबांना आधार दिला यांत शंका नाहीं. तथापि जेथें कुटुंबें आधींपासूनच एकमेकांच्या लग्नमुंजींत भेटतात, तेथें शेजार असतो कीं नात्यांचेंच एक निराळें पान असतें, असा प्रश्न आमच्या मनांत येतो. ज्याच्याशीं आपलें नातें नाहीं, जात नाहीं, त्याच्याशीं भिंत लागते म्हणून जोडलेला संबंध, तो शेजार.

या विषयाचा खरा धडा आम्हांस मुंबईपेक्षां लातूर जिल्ह्यांत मिळाला. औसा तालुक्यांत आमचे आप्त आहेत. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी भागांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी. गणपति बोळवून लोक उशिरां घरीं आले होते व गाढ झोंपेंत होते. दोन-दोन अडीच-अडीच फुटांच्या भिंती, त्या मातींत रचलेल्या दगडगोट्यांच्या. आणि वर माळवद, म्हणजे लांकडावर घातलेला मातीचा जड थर. उन्हाळ्यांत गारवा देणारीं तीं घरें क्षणांत ढिगारे झालीं. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारें ८,००० माणसें दगावलीं.

पुनर्वसनाचें काम मोठें होतें आणि तें झालें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. जागतिक बँकेचें कर्ज आलें, देशांतून परदेशांतून संस्था धांवल्या, आणि पुढील कांहीं वर्षांत सर्वांत अधिक नुकसान झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. जुन्या ठिकाणीं, जेथें आपलीं माणसें गाडलीं गेलीं तेथें, पुन्हां निजण्याचें धैर्य लोकांतही नव्हतें. नवीं घरें भूकंपास टिकतील अशीं. रस्ते रुंद, सरळ, काटकोनांत. घराचा आकार मात्र जमिनीवरून ठरला. भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंत जमीन असणारास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्याहून अधिक असणारास ७५०. हिशेबाच्या दृष्टीनें हें सरळ होतें. पण लहान घरें एका भागांत, मोठीं दुसऱ्या भागांत असें आंखणींत होऊं लागलें, आणि ज्या दोन घरांच्या दारांत पिढ्यान्‌पिढ्या पाऊल भराचें अंतर होतें, तीं गांवाच्या दोन टोकांस जाऊन पडलीं. शेतकरी एका ओळींत, त्याचा सालगडी दुसऱ्या ओळींत. भाऊ-भाऊ वेगळ्या चौकांत.

आमच्या आप्तांच्या घरीं एक वृद्ध बाई आहेत. भूकंपांत त्यांचीं दोन माणसें गेलीं. आम्हीं नव्या घराचें कौतुक केलें तेव्हां त्यांनीं तें मान्य केलें. घर पक्कें आहे, पाऊस येत नाहीं, भीति नाहीं. मग थोड्या वेळानें म्हणाल्या, "जुन्या गावात उठलं की दारात कुणीतरी असायचं. हितं भांडायलाबी चालत जावं लागतंय." या वाक्यावर घरांतलीं मंडळी हंसलीं. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं, कारण रुंद रस्त्यांचा नकाशा ज्यांनीं काढला त्यांना भांडणाचें अंतर मोजण्याची बुद्धि झाली नाहीं, यांत त्यांचा दोष काय काढावा? तें अंतर कोणत्याही नकाशांत दाखवीत नाहींत.

त्या भागांत एक चाल मात्र टिकली आहे. मार्गशीर्षांतल्या अमावास्येला, वेळ अमावास्येला, लोक सहकुटुंब शेतांत जातात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर असा बेत असतो, आणि ज्याला शेत नाहीं त्याला आवर्जून बोलावून नेतात. त्या बाईंच्या घरचीं जुनीं शेजारीण मंडळी आतां गांवाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, तरी त्या दिवशीं तीं एकाच कडब्याच्या कोपीपुढें जेवावयास बसतात. नकाशानें दूर नेलेलीं माणसें वर्षांतून एकदां तरी आंबिलीच्या मडक्याशीं जवळ येतात.

याच गोष्टीचा दुसरा पुरावा जपानांत सांपडतो, आणि तो मन हालविणारा आहे. १७ जानेवारी १९९५ रोजीं पहाटे कोबे शहरास भूकंपाचा तडाखा बसला. समोरच्या आवाजी बेटावर होकुदान नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें ढिगाऱ्यांखालीं सांपडलेल्या सुमारें तीनशें माणसांना गांवकऱ्यांनीं त्याच दिवशीं बाहेर काढलें. यंत्रें यावयाची होतीं. पण कोणाच्या घरीं आजोबा कोणत्या खोलींत, कोणत्या कोपऱ्यांत निजतात हें शेजाऱ्यांस ठाऊक होतें, म्हणून त्यांनीं नेमकें तेथेंच खणलें. आणि कोबे शहरांत पुढें काय झालें? बेघरांसाठीं तात्पुरतीं घरें उभारलीं, आणि वृद्धांस व अपंगांस अग्रहक्क देऊन तीं चिठ्ठ्या टाकून वांटलीं. हेतु किती चांगला! परंतु त्यामुळें म्हातारीं माणसें अनोळखी म्हाताऱ्यांच्या शेजारीं जाऊन पडलीं. त्या तात्पुरत्या घरांत दोनशेंहून अधिक माणसें एकाकी मेलीं आणि कित्येकांचा पत्ता फार उशिरां लागला. जपानी लोक चुकीपासून शिकतात. २००४ सालीं नीगाता भागांत भूकंप झाला तेव्हां यामाकोशी गांवच्या लोकांना तात्पुरत्या घरांत हलविलें तें वाडीवार, म्हणजे जुने शेजारी शेजारींच ठेवून. हें वाचतांना किल्लारीची ती म्हातारी आम्हांस राहून राहून आठवे.

आतां आमच्या नांदेडकडे परत येतों, कारण येथील शेजाराची एक कहाणी सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालें. त्यापूर्वीं रझाकारांनीं खेड्यापाड्यांत केलेले अत्याचार आपल्या घरांतल्या वडील मंडळींनीं सांगितलेले असतात. त्यानंतर मुसलमानांवर जें ओढवलें तें कमी सांगितलें जातें. चौकशीसाठीं भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळानें ज्या जिल्ह्यांची सर्वांत अधिक हानि झाली म्हणून नोंद केली, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर नांदेडही आहे. परंतु त्याच अहवालांत दुसरीही एक नोंद आहे. कित्येक ठिकाणीं हिंदूंनीं आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना प्राणांवर उदार होऊन वांचविलें, आणि विणकरांमध्यें हा बंधुभाव विशेष दिसला. विणकरच कां? आमचा तर्क असा कीं, ज्यांचें सूत, माग, बाजार आणि उधारी एकमेकांत गुंतलेली असते, त्यांना शेजारी हा केवळ 'त्यांच्यांतला' म्हणून दिसूं शकत नाहीं. चाचींच्या खिळ्यावर टांगलेली ती किल्ली आम्हीं पाहिली तेव्हां हें सर्व मनांत येऊन गेलें.

जुन्या शेजाराचे गोडवे गातांना आपण आणखी एक गोष्ट लपवितों. आपल्या वाड्यांच्या ढाळजेंत सर्वांस बसावयाची मुभा होती, पण ओसरी कोणासाठीं आणि माजघर कोणासाठीं हें ठरलेलें होतें. विरजणाची वाटी जी इतकी हिंडे, ती कांहीं दारांवरून पुढें जात नसे. विहिरीवर पोहरा कोणाचा चालेल हें तर सांगावयासच नको. आणि खुद्द आपल्या घरांत? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लींतली प्रत्येक सुवासिनी येई. जिचा नवरा गेला ती जन्मभराची शेजारीण त्या दिवशीं खिडकीआडून पाही. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांनींही तसें करावें असें परिपत्रक काढलें. ठराव करणें सोपें, पण आपल्या ओट्यावर तो पाळणें कठीण, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हीं तर इतकेंच पाहिलें आहे कीं, कोणी तरी एकीनें पहिल्यानें कुंकवाचें बोट पुढें केलें कीं बाकीच्यांचें अवघडलेपण पाव तासांत जातें.

शेजाराचा जाचही असतो, हें कबूल केलें पाहिजे. पाहुणा कोण आला, किती दिवस राहणार, सुनेचें माहेरीं जाणें यंदा लवकर कां, हें सर्व गल्लीस कळतें, आणि कळलें नाहीं तर विचारतात. तरुण मंडळींस हें असह्य होतें व त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. आमच्या कन्येनें फोनवर विचारलें, "तुम्हाला प्रायव्हसी नको का?" या शब्दाला चपखल मराठी शब्द आम्हांस त्या क्षणीं सुचला नाहीं. खासगीपणा हवाच. पण तरुणपणीं जें पाहणें नकोसें वाटतें, तेंच सत्तरीनंतर कोणी तरी पाहत असावें असें वाटूं लागतें, हें तिला कसें सांगावें?

शेवटीं आम्हीं गल्लींतलें घर भाड्यानें घेतलें, अकरा महिन्यांच्या करारानें. पाझरणारी भिंत मालकाच्या थोरल्या मुलानें दुरुस्त करून दिली. आजींची माहिती खरी ठरली. पहिला महिना अडचणींचा गेला. रात्रीं समोरच्या घरांत टी. व्ही. मोठ्यानें चाले, पाणी पहांटे चारला येई. तिसऱ्या आठवड्यांत आमच्यापैकीं एकास तापानें गांठलें. दुपारीं बारापर्यंत ओट्यावर कोणी आलें नाहीं म्हणून आजींनीं दार वाजविलें, चाचींच्या मुलानें मोटारसायकलवरून डॉक्टरांकडे नेलें, आणि रात्रीं दोन निरनिराळ्या घरांतून दोन वेळां खिचडी आली. एकींत हिंग अधिक, दुसरींत मीठ कमी, दोन्हीही संपल्या. ईदेला शीरखुर्मा आला, त्याच्या वाटीतून तिळाच्या वड्या परत गेल्या. यंदा संक्रांतीला आमच्या ओट्यावर हळदीकुंकू झालें तेव्हां लसूण सोलणाऱ्या आजी प्रथम आल्या नाहींत. त्यांचे यजमान जाऊन वीस वर्षें झालीं आहेत. दोनदां बोलावणें गेलें, तिसऱ्यांदा आम्ही स्वतः जाऊन हाताला धरून घेऊन आलों. त्या खालीं मान घालून बसल्या, वाण घेतलें, आणि जातांना म्हणाल्या, "पुढल्या साली माझ्याकडं."

प्लॉटिंगमधल्या त्या दोन सालस कुटुंबांशीं आमचें येणेंजाणें आहे. त्यांतल्या एका गृहस्थांस आम्हीं हा सर्व वृत्तान्त सांगितला. ते इंजिनिअर आहेत, त्यांनीं लगेच उपाय काढला. फाटकाबाहेर, भिंतीला लागून, त्यांनीं शहाबादी फरशीचा एक बांक बांधून घेतला आणि वर कडुनिंबाचें रोप लाविलें. दोन महिने त्यावर फक्त पेपरवाल्यानें पेपर ठेविला. परवां संध्याकाळीं आम्ही त्या बाजूस गेलों होतों. बांकावर पलीकडच्या बंगल्यांतल्या बाई भाजी निवडीत बसल्या होत्या, आणि इंजिनिअर महाशय स्वतःच्याच बांकावर जागा नसल्यामुळें फाटकाशीं उभे राहून त्यांच्याशीं बोलत होते.